लग्नाला पन्नासच माणसं का?

हिंजवडी आणि वाकड या दोन गावांचा देव एकच, म्हातोबा. हनुमान जयंतीला हिंजवडीतून बगाड निघतं आणि वाकडच्या देवळापर्यंत जातं. दोन्ही गावांची पै-पाहुणे मंडळी त्या दिवशी रस्त्यावर असतात. २०२० मध्ये हनुमान जयंती ८ एप्रिलला आली, म्हणजे देशव्यापी लॉकडाउनच्या तिसऱ्या आठवड्यात. २०२१ मध्ये ती २७ एप्रिलला आली, तेव्हा राज्यात कोरोना निर्बंधांचे ‘ब्रेक द चेन’ आदेश लागू होते. दोन्ही वर्षी अशी गर्दी कायद्याने होऊच शकत नव्हती. पण समजा कोणी परवानगी मागायला निघालंच असतं, तर गेलं कुठे असतं? हिंजवडी ही मुळशी तालुक्यातली ग्रामपंचायत, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत, म्हणून आयुक्तांचा आदेश. पोलीस मात्र दोन्हीकडे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचेच. एका देवाच्या एका वाटेवर एवढी कार्यालयं.

मुळशीचं सगळंच असं आहे. पुण्याचा चांदणी चौक ओलांडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मंगल कार्यालयं, लॉन, गोदामं, कारखाने. उत्तरेला हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क. पश्चिमेला पौडच्या पुढे धरणाचं पाणी, काठाने विखुरलेल्या वाड्या आणि ताम्हिणी घाट. घाट उतरला की रायगड जिल्हा. २०२१ च्या एप्रिलअखेरीस जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता, तेव्हा घाटावरच्या माणसाला कोकणातल्या सोयऱ्याकडे जायचं तरी सरकारी मंजुरी हवी. बावधन बुद्रुकचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. महसुली तालुका मुळशी, पोलीस पिंपरी-चिंचवडचे, आणि ३० जून २०२१ पासून महापालिका पुण्याची. त्या दिवशी पुणे महापालिकेत २३ गावं घेण्यात आली. त्यांत मुळशीतली म्हाळुंगे, सूस आणि बावधन बुद्रुक ही तीन होती. साथ चालू असतानाच या गावांचा नियम ठरवणारं कार्यालयच बदललं.

हा फरक नुसत्या कागदावरचा नव्हता. ४ जून २०२१ च्या आदेशाने राज्याने निर्बंधांचे पाच स्तर केले आणि ७ जूनपासून ते लागू झाले. चाचण्यांत बाधित निघण्याचं प्रमाण आणि ऑक्सिजनच्या भरलेल्या खाटा, या दोन आकड्यांवर स्तर ठरायचा. बाधितांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आणि खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर. प्रमाण २० टक्क्यांवर गेलं किंवा ७५ टक्क्यांहून अधिक खाटा भरल्या तर पाचवा. दुसऱ्या स्तरात लग्नाला कार्यालयाच्या निम्म्या क्षमतेइतकी आणि फार तर १०० माणसं, तिसऱ्यात ५०, चौथ्यात २५, पाचव्यात फक्त घरची. दहा लाखांवर वस्तीच्या महापालिका स्वतंत्र घटक मानल्या गेल्या, त्यामुळे पुणे एक घटक, पिंपरी-चिंचवड दुसरा आणि उरलेला जिल्हा तिसरा.

मुळशी या ‘उरलेल्या’त. म्हणजे भूगावच्या कार्यालयात किती पानं मांडायची हे बारामती, इंदापूर, जुन्नरच्या आकड्यांवर ठरणार. भूगावातून रोज दूध, भाजी, कामगार आणि वऱ्हाड जातं-येतं ते मात्र शेजारच्या पुण्यातल्या कोथरूडला. साथीच्या दृष्टीने भूगाव कोथरूडचं, नियमाच्या दृष्टीने इंदापूरचं. आदेश काढणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. पण हद्द ही प्रशासनाची सोय असते, आणि घाईत माणूस हाताशी असलेली पट्टीच वापरतो.

(त्याच ७ जूनला, निर्बंध सैल होण्याच्या पहिल्या दिवशी, मुळशीतल्या उरवडे इथे एका रासायनिक कारखान्याला आग लागली आणि १७ कामगार गेले. त्यांतल्या १५ महिला होत्या. साथीच्या आदेशांत कारखान्यांसाठी मास्क, अंतर, तापमान यांची यादी असे. आग लागली तर बाहेर पडायचं कुठून, हा प्रश्न त्या यादीचा नव्हता.)

मुळात कोणाला किती माणसं जमवू द्यायची हे ठरवण्याचा अधिकार येतो कुठून? ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. मुंबईत मांडवीला आदल्या सप्टेंबरात प्लेग सापडला होता, त्याची ही घाई. कायदा तेव्हा अवघ्या चार कलमांचा. साथ आली की सरकारला वाटतील ते तात्पुरते नियम करता येतील, मोडणाऱ्याला दंड संहितेखाली शिक्षा होईल आणि नियम राबवणाऱ्यावर दावा चालणार नाही, हा त्याचा गाभा. पुण्यात ब्रिटिश अधिकारी वॉल्टर रँडने तो राबवला. सैनिक घरात शिरून रोगी शोधत, माणसं छावणीत नेत, सामान जाळत. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्याआधी तीन महिने, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, हेही नको.

कमी सांगितली जाते ती गोष्ट वेगळी आहे. रँड घरं धुंडाळत होता तेव्हा प्लेग पसरतो कसा हेच कोणाला नक्की ठाऊक नव्हतं. उंदरांवरच्या पिसवांचा संबंध फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँने कराचीत दाखवला तो १८९८ मध्ये. म्हणजे नियम आधी आला, कारण नंतर कळलं. खेड्यापाड्यातले लोक मात्र उंदीर पडू लागले की घरांना कुलूप लावून रानात झोपड्या घालून राहत. त्यांनाही पिसवांचं ठाऊक नव्हतं, पण घर सोडल्याने उंदीर आणि पिसवा मागे राहत.

१२३ वर्षांनी तोच कायदा पुन्हा बाहेर निघाला. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले कोरोनाबाधित सापडले आणि १३ मार्चला महाराष्ट्राने तो लागू केला. मधे एकदा, २००९ च्या ऑगस्टमध्ये, स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तेव्हाही शहराने शाळा, चित्रपटगृहं बंद केली होती आणि तोंडाला रुमाल बांधले होते. २०२० मध्ये जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, ज्याखाली जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष असतो. आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४, म्हणजे जमावबंदी. दिल्लीहून गृह मंत्रालयाचा आदेश, मुंबईहून मुख्य सचिवांचा, पुण्याहून जिल्हाधिकाऱ्यांचा, पौडहून तहसीलदारांची अंमलबजावणी, आणि शेवटी तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील व आशाताई. वरून निघालेला कागद गावात पोहोचेपर्यंत बरेचदा पुढचा कागद निघालेला असे.

आता पन्नासचा हिशेब. १ मे २०२० च्या केंद्राच्या आदेशात लग्नाला ५० आणि अंत्यविधीला २० ही मर्यादा आली. हा आकडा विज्ञानाने दिलेला नाही, पण त्यामागे साधं गणित आहे. धरा, परिसरात दर शंभरातला एक जण बाधित आहे आणि त्याला स्वतःला ते ठाऊक नाही. पाच माणसं जमली तर त्यांत निदान एक बाधित असण्याची शक्यता सुमारे ५ टक्के. पंचवीस जमली तर २२ टक्के. पन्नासांत जवळपास ४० टक्के, दोनशेत ८७ टक्के आणि पाचशेच्या लग्नात ९९ टक्के. पाचशे पानांचं लग्न म्हणजे बाधित पाहुणा आलाच म्हणून समजा.

हे झालं रोग मांडवात शिरण्याचं. आत शिरल्यावर तो किती हिंडेल याचं गणित आणखी चढतं. २५ माणसांत एकमेकांशी भेटीच्या जोड्या होतात ३००. पन्नासांत १,२२५. दोनशेत १९,९००. माणसं चौपट झाली तर जोड्या सुमारे सोळापट होतात. शिवाय कोरोनाची खोड अशी की बहुतेक बाधित फारसे कोणाला देत नाहीत, आणि थोडे मात्र एका बैठकीत डझनावारी देतात. म्हणून मोठा जमाव मोडणं हे सगळ्यांना घरी बसवण्यापेक्षा स्वस्त औषध होतं. या बाबतीत आकड्यांचा नियम बरोबरच होता.

चुकला तो हवेच्या बाबतीत. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट परगण्यात एका गायनवृंदाची अडीच तास तालीम झाली. हजर ६१ जण. त्यांतल्या ५३ जणांना चाचणीवरून किंवा लक्षणांवरून लागण झाल्याचं ठरलं आणि दोघे दगावले. बंद खोली, मोठ्याने गाणं आणि लांबलेला वेळ, या तिन्हींचा तो मेळ होता. काकडआरतीला किंवा हरिनाम सप्ताहाला देवळाच्या गाभाऱ्याबाहेर दाटीवाटीने बसून टिपेचा सूर लावणाऱ्या भजनी मंडळींना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्याच वर्षी जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेला जाहीर पत्र लिहिलं की हा रोग हवेतून पसरतो हे मान्य करा. तोवर जगभर हात, पिशव्या आणि दाराच्या कड्या धुणं चालू होतं. गावोगाव रस्त्यांवर हायपोक्लोराइट फवारणारे ट्रॅक्टर फिरत होते, त्यांचा विषाणूला फारसा त्रास झाला असेल असं वाटत नाही.

मुळशीसारख्या तालुक्यासाठी हा मुद्दा कळीचा. इथे लॉन आहेत, खळी आहेत, देवळापुढची पटांगणं आहेत. पत्र्याच्या बंद हॉलमध्ये पन्नास माणसं आणि आंब्याखाली पन्नास माणसं हा एकच धोका नव्हे. एप्रिल २०२१ च्या आदेशात लग्नाला २५ माणसं, एकच हॉल आणि दोन तास अशी अट आली. मोडल्यास ५० हजार दंड आणि कार्यालयाला टाळं. यातली दोन तासांची अट शहाणपणाची होती, कारण लागण वेळेवरही अवलंबून असते. बंद आणि मोकळ्या जागेतला फरक ऑगस्ट २०२१ मध्ये आकड्यांत उतरला, तेव्हा बंदिस्त कार्यालयात फार तर १०० आणि मोकळ्या प्रांगणात २०० माणसांना मुभा मिळाली. मग ओमायक्रॉन आला. २४ डिसेंबरच्या आदेशात बंदिस्त जागी १००, मोकळ्यावर २५०. आणि सहा दिवसांनी, ३० डिसेंबरला, जागा बंद असो वा मोकळी, सरसकट ५०.

हातात आलेलं ज्ञान इतक्या सहज टाकून देण्याचं कारण सोपं आहे. माणसं मोजता येतात. पोलीस पाटील दाराशी उभा राहून डोकी मोजू शकतो, हवा मोजू शकत नाही. २०२० च्या गणेशोत्सवात सार्वजनिक मूर्तीला चार फूट आणि घरच्या मूर्तीला दोन फूट ही मर्यादा आली, तिचंही मूळ हेच. मूर्ती लहान असली तर उचलायला माणसं कमी लागतात. गर्दी मोजायला अवघड, मूर्ती टेपने मोजता येते.

मोजण्याचीही गंमत मांडवातच दिसे. गेटवर वही, सॅनिटायझरची बाटली आणि कपाळावर रोखायचं तापमानाचं यंत्र. वहीत पन्नास नावं नेमाने लिहिलेली. आत पहिली पंगत उठते, दुसरी बसते, आणि पन्नासांचा तांडा बदलतो. जेवताना मास्क काढावाच लागतो. फोटोला तो हनुवटीवर उतरतो. म्हणजे सगळ्यात जास्त सावधगिरी हवी त्या दोन क्षणीच तोंड उघडं.

मास्कची सक्ती भारतात लवकर आली. १५ एप्रिल २०२० च्या केंद्राच्या आदेशाने सार्वजनिक जागी तोंड झाकणं बंधनकारक झालं. जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसामान्यांना कापडी मास्कची शिफारस केली ती ५ जूनला. तोवर ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या बचत गटांतल्या बाया शिवणयंत्रावर मास्क शिवू लागल्या होत्या. शेतात मात्र उपरणं, टॉवेल आणि पदर यांवरच भागत होतं. राज्य सरकारने नियम हळूहळू घट्ट केले. २७ मार्च २०२१ च्या आदेशात मास्क नसल्यास ५०० रुपये, थुंकल्यास १,००० रुपये, आणि रात्री आठ ते सकाळी सात पाचांहून अधिक जण जमल्यास माणशी १,००० रुपये दंड. २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने तर साफ लिहिलं की रुमाल म्हणजे मास्क नव्हे, रुमाल बांधलेल्यालाही दंड होईल. पुण्यात २००९ पासून तोंडाला रुमाल बांधून दुचाकी चालवणाऱ्या पिढीला हे वाचून नवल वाटलं असणार.

पण हा नियम शास्त्राला धरून होता. एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉनचे निदान ९५ टक्के कण अडवतो, तेही नाकावरची पट्टी दाबून कडा चिकटल्या तर. गालापाशी फट राहिली की हवा सोपी वाट धरते. रुमालात कापड विरळ आणि फटी मोकळ्या. साथीत मास्कचा डोळस वापर जुना आहे. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला, तेव्हा वू लिएन-तेह या मलायात जन्मलेल्या डॉक्टराने जाळी आणि कापसाचे थर देऊन मास्क केला. मेस्नी नावाच्या फ्रेंच डॉक्टराने तो थट्टेवारी नेला, उघड्या तोंडाने रोगी तपासले आणि काही दिवसांत तो त्याच प्लेगने गेला. रँडच्या पुण्यात पिसवांपुढे याच मास्कचा काही उपयोग झाला नसता. कोणता नियम लागू पडेल हे रोगाच्या वाटेवर ठरतं.

दंडाच्या पावत्या न फाडता लोक मास्क वापरतात का, याचं उत्तर देणारा मोठा प्रयोग बांगलादेशातल्या ६०० खेड्यांत २०२०-२१ मध्ये झाला. निम्म्या खेड्यांत घरोघर फुकट मास्क वाटले, गावातल्या मान्यवरांनी आणि इमामांनी स्वतः घालून दाखवले, आणि बाजारात, मशिदीपाशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकांनी उघड्या तोंडाच्या माणसाला तिथल्या तिथे सांगून मास्क दिला. नीट मास्क लावणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. लक्षणांसह झालेली लागण सुमारे ९ टक्क्यांनी घटली. सर्जिकल मास्क वाटलेल्या खेड्यांत, साठीवरच्या लोकांमध्ये ती ३५ टक्क्यांनी घटली. एकूण परिणाम मोठा नाही, हे खरं. वैद्यकीय अभ्यासांच्या २०२३ च्या ‘कोक्रेन’ आढाव्यानंतर मास्कच्या एकंदर उपयोगावर वादही रंगला. पण म्हाताऱ्यांना नीट मास्क द्या आणि ओळखीच्या माणसाकडून सांगा, एवढं तरी या प्रयोगातून घेता येतं. दंड नसतानाही प्रमाण तिपटीने वाढलं, हे विशेष.

ओळखीचा माणूस गावात होताच. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक असं पथक दिवसाला पन्नास घरं फिरे आणि प्रत्येकाचा ताप व ऑक्सिजन तपासे. आशाताईला कोणत्या घरात दम्याची म्हातारी आहे, कोणाचा मुलगा कालच मुंबईहून आलाय, हे यादी न बघता ठाऊक. याची दुसरी बाजूही होती. मार्च-एप्रिल २०२० मध्ये राज्यात अनेक गावांनी वेशीवर बांबू, दगड आणि काटेरी झुडपं टाकून गावबंदी केली, तिला कायद्याचा कसलाच आधार नव्हता. शहरातून घरी परतणाऱ्या आपल्याच पोरांना काहींनी शाळेत झोपवलं. कुठे ते विलगीकरण नीट झालं, कुठे नुसता बहिष्कार झाला.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, महाराष्ट्राने सगळे निर्बंध उठवले आणि मास्क ऐच्छिक केला. दंड संहितेच्या कलम १८८ खाली, म्हणजे आदेशभंगासाठी, दाखल झालेले लॉकडाउनचे गुन्हे मागे घेण्याचं सरकारने जाहीर केलं. १८९७ चा कायदा मात्र अजून पुस्तकात आहे. तो अपुरा असून त्यात मोठी दुरुस्ती करावी किंवा नवा कायदा करावा, असं विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या २८६ व्या अहवालात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून जुनं कलम १४४ नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं. आदेशभंगाचं जुनं १८८ आता न्याय संहितेत २२३ आहे, आणि शिक्षा वाढली आहे. जिवाला धोका होईल असा आदेशभंग केला तर सहा महिन्यांऐवजी एक वर्षापर्यंत कैद, दंड हजाराऐवजी पाच हजारांपर्यंत.

पुढचा आदेश कोणत्या रोगासाठी येईल सांगता येत नाही, पण आला तर तो याच कलमांखाली आणि याच हद्दींतून येईल. मुळशीतल्या ग्रामपंचायतींनी तोवर वाट पाहू नये. गावात मोकळी पटांगणं कुठली, बंद सभागृहांना खिडक्या किती, साठीवरची माणसं कोणत्या घरांत आहेत, आणि आपल्या गावाला महसूल, पोलीस व पालिका यांचा आदेश कोणाकडून येतो, ही चार पानांची टिपणी येत्या ग्रामसभेत मंजूर करून फलकावर लावावी. आशाताई आणि पोलीस पाटील बसले, तर ती एका दुपारी लिहून होईल.